मूळ पुरुष पाहिजे

पिंपरीकडच्या माळावर कारखाना येणार आणि जमीन गेलेल्या मूळ रहिवाशांच्या पोरांना त्यात नोकऱ्या मिळणार, असा हुकूम निघाला. मूळ रहिवासी कोण, हे मात्र हुकूम काढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून चावडीत वंशशोधाचा वर्ग उघडण्यात आला. इंग्रज जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. आपण कोण, हे आता शास्त्रोक्त पद्धतीनं शिकायचं होतं.

शिकवायला उद्धवराव मास्तर आले. सोबत मार्गदर्शिका, झाडाचं चित्र छापलेले तक्ते आणि नवंकोरं टंकयंत्र. "यंत्रावर उमटलं की ते खरं," हा त्यांचा पहिला धडा. गावाला विषय लगेच समजला.

मंजुळाबाईंची जमीन गेली होती आणि थोरला ज्योतीराम मिशांना पीळ देत घरी बसला होता. नोकरी त्याला मिळायलाच हवी होती. बाई पदर खोचून मास्तरांपुढं बसल्या.

"सासऱ्याचा बाप भैरू. लोकांच्या म्हशी राखायचा. त्याच्या म्होरं ठावं न्हाई."

"जरा मोठ्यानं बोला."

"मागं आमची इहीन आक्काबाई बसलीय न्हवं!"

मास्तरांनी मार्गदर्शिका उघडली. "मूळ पुरुषाची चौकट रिकामी चालत नाही. शेवटच्या पानावर नमुन्याचे राजे दिलेत, बघा एखादा."

"आक्काबाईनं कुठला घेतलाय?"

"उदेपूरचा."

"मंग आमी तिच्या पल्याडचं."

मास्तरांनी नकाशा पाहिला. "पल्याड वाळवंट आहे, बाई."

"असू द्या की. वाळवंटाचा राजा लिवा. म्हशी काढा, हत्ती घाला."

खट खट खट. भैरूच्या म्हशींचे हत्ती झाले. दिवस मावळेतो गावात औषधालासुद्धा शेतकरी उरला नाही. शेणाच्या पाट्या राजकन्या वाहू लागल्या.

मग भरतीचे साहेब आले. त्यांनी तक्ता वाचला. "मूळ ठिकाण वाळवंट. तुम्ही बाहेरच्या. तिकडं कारखाना निघाला की अर्ज करा."

"आवं, जमीन आमची घेतलीत न्हवं?"

"जमीन तुमचीच होती. रहिवासी तुम्ही नव्हता."

सगळा गाव बाद झाला. एकटे मास्तर पात्र ठरले. दुसऱ्यांचे पूर्वज टंकण्याच्या गडबडीत त्यांचा स्वतःचा तक्ता कोराच राहिला होता, त्यामुळे ते बाहेरून आल्याचा कसलाही पुरावा कार्यालयाला सापडला नाही.

दुरुस्तीची सोय होती. ज्याला राजा रद्द करायचा असेल, त्यानं चावडीच्या पायरीवर चढून, गावासमक्ष, खणखणीत आवाजात खरा पूर्वज सांगायचा. रांग लागली. पहिल्या मंजुळाबाई, मागं आक्काबाई.

"आये, म्हशी म्हन की! नोकरी चालली," ज्योतीराम काकुळतीला आला.

"गप ऱ्हा. युवराज हायेस तू." बाई वळल्या. "आक्काबाई, तुमी व्हा म्होरं."

"न्हाई बया, मान तुमचा. तुमी लांबच्या."

दोघी अजून तिथंच उभ्या आहेत. तुम्ही हसताय? हसा. पण आलाच आहात तर पायरीवर चढा आणि तुमचे खापरपणजोबा कुणाच्या म्हशी राखायचे, ते एकदा सांगून टाका. जरा मोठ्यानं, मागं तुमचे व्याही उभे आहेत.