दुहेरी नोंद: फाटक व मगदूम

माझ्या स्मरणशक्तीवर माझा फारसा भरवसा नाही, पण सॉफ्टवेअरने मला आणि मगदूमांना एकच माणूस ठरवलं तो बहुधा सोमवार होता. सोमवारच असणार, कारण दुहेरी नोंदींची यादी सोमवारी यायची.

मगदूम आमचे शेजारी. मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. सांगलीत आमच्या दोघांच्या आवारांमध्ये एकच भिंत. पत्नी वारल्यावर ते रोज दुपारी आमच्याकडे सिनेमा बघायला येऊ लागले. मध्यंतराची पाटी आली की आम्ही सिनेमा थांबवायचो, चहा घ्यायचो, आणि कालव्याच्या कामावर पडून आपलं डावं मनगट कसं मोडलं ते मगदूम पुन्हा सांगायचे.

दोघांच्या मिळून सोळाशे डीव्हीडी निघाल्या. त्यांना बुरशी धरू लागली, तेव्हा दोन वर्षं खपून आम्ही त्या संगणकात उतरवल्या आणि नीट लावायला एक सॉफ्टवेअर घेतलं. ते प्रत्येक चित्रपटाचं साल शोधायचं, पोस्टर चिकटवायचं, कोणी कुठे बघणं थांबवलं ते लक्षात ठेवायचं, आणि एकाच चित्रपटाच्या दोन प्रती सापडल्या तर एक काढून टाकायचं. दुहेरी नोंदी कशाकशात शोधायच्या, यासाठी चौकटी होत्या. मगदूमांनी सगळ्यांत खूण केली. फॉर्मवरची चौकट रिकामी सोडणं त्यांना नोकरीतही कधी जमलं नव्हतं.

त्या सोमवारी यादीत शेवटची नोंद अशी होती: ‘प्रेक्षक: फाटक, मगदूम. साम्य ९९.७ टक्के. पुढील सोमवारी एक प्रत काढण्यात येईल.’

“बरोबरच आहे त्याचं,” माझी पत्नी कुंदा म्हणाली. “तुम्ही दोघं एकाच पाटीला चहाला उठता आणि चहानंतर एकाच मिनिटाला घोरायला लागता. त्याने फरक करायचा तरी कशावरून?”

मी मदत केंद्राला फोन लावला. “आम्ही दोन वेगळी माणसं आहोत,” मी म्हणालो.

“तसं सगळेच सांगतात, सर,” पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या. “कोणती प्रत ठेवायची याचा नियम तुम्हीच निवडलाय. मोठी फाइल राहते.”

मगदूम ब्याऐंशी किलोंचे. मी अठ्ठावन्न.

“काय ओ बाई,” मगदूम फोनपाशी वाकून म्हणाले, “मोठी कशाला? स्पष्ट प्रत ठेवा की! आमच्या प्रोफेसरांच्या दोन्ही डोळ्यांत नव्या लेन्स आहेत. माझा मोतीबिंदू अजून तसाच आहे.”

“नियम आता बदलता येत नाही, सर. साम्य नव्व्याण्णवच्या खाली आणा, मग नोंद आपोआप सुटेल. किंवा एका प्रेक्षकाने स्वतःच्या खात्यातून स्वतःला काढायची विनंती करावी. तीही चालते.”

आठवडाभर आम्ही वेगवेगळे सिनेमे वेगवेगळ्या घरांत पाहिले. मी युद्धपट लावला, मगदूमांनी कोर्टातला खटला. बावन्नाव्या मिनिटाला करमेना म्हणून मी सिनेमा थांबवला आणि भिंतीपाशी गेलो, तर मगदूम पलीकडे उभेच होते.

“तुमचा कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“बरा आहे. तुमचा?”

“बरा आहे. तुमच्याशिवाय झोप लागत नाही, तेवढं सोडलं तर.”

रविवारी साम्य ९९.८ झालं.

त्या दुपारी मी बराच विचार केला. मगदूमांची मुलगी बेळगावला असते आणि दर गुरुवारी त्यांना फोन करते. माझ्या प्रबंधाचा उल्लेख आजवर चार वेळा झाला, त्यांतले दोन वेळा मीच केला. कुंदाला माझ्यापेक्षा मगदूमांच्या गप्पा जास्त आवडतात, असंही मला बरीच वर्षं वाटत होतं. चार वाजून दहा मिनिटांनी मी माझं खातं उघडलं आणि ‘मला काढावे’ या चौकटीत खूण केली. कुंदाला सांगितलं नाही.

लगेच उत्तर आलं: ‘दोन्ही प्रेक्षकांनी ४ वाजून १० मिनिटांनी स्वतःला काढण्याची विनंती केली आहे. साम्य १०० टक्के. कोणती प्रत काढावी हे ठरवता येत नाही. नोंदी एकत्र करण्यात येतील.’

मी भिंतीपाशी धावलो. मगदूमही धावत आले होते.

“मगदूम, हे काय केलंत?”

“आणि तुम्ही ओ?” ते म्हणाले.

सोमवारी दुपारी सोफ्यावर मी एकटाच होतो. कुंदाने सवयीने दोन कप आणले. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. मी दोन्ही प्यायलो आणि दोन्ही मला माझ्या आवडीचे वाटले.

“मगदूमांच्या घराला कुलूप लावायला हवं,” मी म्हणालो.

“किल्ली तुमच्याच खिशात असेल, बघा,” कुंदा म्हणाली.

खिशात होती.

संध्याकाळी वजन केलं. सत्तर किलो भरलं. ब्याऐंशी आणि अठ्ठावन्नची सरासरी तेवढीच येते, त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही. गुरुवारी बेळगावहून फोन आला. “अप्पा, जेवलात का?” मुलीने विचारलं. “जेवलो की,” मी म्हणालो. त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. दुपारचे सिनेमे चालू राहिले. मध्यंतराला मी कुंदाला कालव्याची गोष्ट सांगायचो आणि ती हसायची. तरी ती गोष्ट मी पाठ केली आहे की मला आठवते आहे, ही शंका काही जाईना.

सहा वर्षांनी मी न्हाणीघरात घसरलो आणि डावा हात सुजला, म्हणून एक्स-रे काढावा लागला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, आधीच्या शस्त्रक्रियांच्या रकान्यासाठी माझ्या डोळ्यांतल्या लेन्स कोणत्या साली बसवल्या ते विचारलं आणि कागदावर लिहिलं. फाटकांनी त्या बसवल्याचं साल मला आठवत होतं. मग डॉक्टरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला.

‘नवी इजा नाही. डावं मनगट पूर्वी मोडलेलं, नीट जुळलेलं.’