पंखा दिसत नाही

सुयोगने वडिलांच्या घाटकोपरच्या घरात दिवे-पंखे चालवणारा स्क्रीन भिंतीवर बसवून घेतला, तेव्हा गुणाजींनी चष्मा पुसून पाहिले, मग नुसत्याच डोळ्यांनी पाहिले. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे, तीही मुंगीएवढी! गिरणीत तुटलेला धागा लांबून ओळखणारा हा माणूस.

"ह्यां काय लावलंस रे? माका कायएक दिसना नाय."

"बाबा, क्लीन डिझाइन आहे. ऑफिसात सगळे झकास म्हणाले," सुयोग म्हणाला आणि सांताक्रूझला आपल्या घरी गेला. गोरेगावच्या कंपनीत स्क्रीनवरची बटणे आखणे हेच त्याचे काम.

दुसऱ्या दिवशी उकडायला लागले. पंख्याची जुनी बटणे सुयोगने काढून टाकलेली. स्क्रीनवर दिसण्याजोगे एकच बटण होते, लालभडक. गुणाजींनी तेच दाबले. ते होते मदतीचे. खाली भोंगा वाजला आणि वॉचमन प्रीतम, त्याच्यामागे सोसायटीचे सेक्रेटरी आणि दोन शेजारी धापा टाकत वर आले.

"काका, काय झालं?"

"काय नाय. पंखो लावत होतंय."

पण दारात आलेल्या माणसाला कोरडे पाठवायचे, हे गुणाजींच्या रीतीत बसत नव्हते. चहा झाला, खटखटे लाडू निघाले. बायको रत्नप्रभा गेल्यापासून घरात एकदम इतके कप कधी निघालेच नव्हते. मंडळी गेल्यावर त्यांनी कप विसळले आणि घर पुन्हा गप्प झाले. ते गप्पपण त्यांना खायला उठे.

पुढे दिव्यासाठी, मग टीव्हीसाठी तेच बटण दाबले गेले. शेवटी सेक्रेटरींनी सुयोगला फोन केला. "अहो, तुमचे वडील रोज मरतायत आणि रोज चहा पाजतायत! आमच्या कामधंद्याची वाट लागली!"

रविवारी सुयोग लॅपटॉप घेऊन हजर झाला. गणपतीनंतर असा निवांत तो आजच आला होता. त्याने अक्षरे काळी केली, जाड केली, वाढवली.

"आता?"

"नाय रे."

खरे तर आता गुणाजींना स्क्रीनवरचे अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होते. पण दिसते म्हटले की पोरगा लॅपटॉप मिटणार, आणि मिटला की जाणार. त्यांनी डोळे बारीक केले आणि बांगडे तळायला घेतले.

"आता तरी?"

"जरा धूसर वाटता."

"बाबा, आता स्क्रीनवर एकच शब्द मावतोय!"

"मावांदे. तू जेवन घे आधी."

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या मधुवंतीबाई ओरडल्या, "अहो, पंखा! पंखा लिहिलंय त्यावर! मला मोतीबिंदू आहे, तरी इथून वाचता येतंय!"

गुणाजी मान खाली घालून बांगडा उलटत राहिले. तो आधीच दोन्ही बाजूंनी करपला होता.

सुयोगने खिडकीकडे पाहिले, मग बापाकडे. टेबलावर दोन पाने मांडलेली होती. त्याने लॅपटॉप बाजूला सारला आणि हात धुऊन पानावर बसला.

"कठीण केस आहे, बाबा. एका रविवारी नाही व्हायचं. दर रविवारी यावं लागेल."

"ये रे," गुणाजी म्हणाले आणि त्यातल्या त्यात कमी करपलेला बांगडा त्याच्या पानात वाढला. "माका कायएक घाई नाय."