उभ्या गाडीची धडक

"आज तीन वाजता साहेब माझं नाक बघणार आणि गार होणार!"

गृहस्थ अर्ध्या चेहऱ्याला साबण फासून आरशापुढे उभे होते. घरात कोणी परकं माणूस असतं, तर त्याने हे वाक्य ऐकून हळूच चपला शोधल्या असत्या. पण घरात फक्त बायको होती, आणि हे नाक तोंडावरचं नसून मोटारीचं आहे हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

आपले कथानायक एका कंपनीत मोटारींचं बाहेरचं रूप रेखाटायचे. अकरा वर्षं नोकरी झाली, पण त्यात त्यांच्या वाट्याला आले ते दुसऱ्यांच्या गाड्यांचे आरसे, दारांच्या मुठी आणि एकदा मागचा डावा दिवा. (उजवा दुसऱ्याने केला!) आता पहिल्यांदाच एका अख्ख्या गाडीचा चेहरा हाती आला होता. ऑफिसात सगळे त्यांना 'नाकवाले' म्हणायला लागले होते, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना ते आवडत होतं.

"वारा कसा सुळकन कापत जाईल!" त्यांनी रेझरनेच हवेत रेघ मारली.

"आणि समोर माणूस आला तर?" बायकोने विचारलं.

"तो बाजूला होईल!"

"का? तुझं नाक बघून?"

आता खरी गंमत सांगतो. ही बायको त्याच कंपनीत होती. गाडीने पायी चालणाऱ्याला धक्का दिलाच, तर त्याला कमीत कमी लागावं, हे बघणं तिचं काम. त्यासाठी ती दिवसभर यंत्रातून नकली डोकी आणि नकली पाय गाड्यांवर सोडायची. ऑफिसात तिचं नाव 'डोकेफोड मॅडम'. तिचं म्हणणं एवढंच, की पुढची कड गोल करा आणि बॉनेट सात सेंटिमीटर वर उचला. म्हणजे डोकं आपटलं तर पत्रा आत दबेल, खालच्या लोखंडावर डोकं बसणार नाही. नाकवाल्यांचं म्हणणं, सात सेंटिमीटर उचललं तर ती गाडी राहील का उशी?

तीन महिने जेवणाच्या टेबलावर हीच घासाघीस चालली होती. नाकवाले एकावरून दोनावर आले, बाई सातावरून हलल्या नाहीत. शेवटी मोठे साहेब वैतागले आणि म्हणाले, "मातीची एकच गाडी करा. डाव्या बाजूला नवऱ्याचं नाक, उजव्या बाजूला बायकोचं. मी बघतो आणि एक ठेवतो!"

असं करतात हो खरंच! आधी पूर्ण आकाराची मातीची गाडी घडवतात आणि तिच्या दोन बाजूंना दोन वेगळी रूपं देतात. ही गाडी समोरून बघितली तर डावीकडे रागावलेला ससाणा आणि उजवीकडे जेवून पहुडलेलं मांजर.

दहा वाजता नाकवाले ती मातीची गाडी ठेवलेल्या दालनात शिरले. माती घडवणारे उस्ताद शेवटचा हात फिरवत होते.

"उस्ताद, धार बघा धार!"

"बघतोय. मीच काढलीय," उस्ताद म्हणाले.

नाकवाल्यांची एक सवय होती. ते दहा पावलं मागे जायचे, डोळे मिटायचे आणि हात पुढे करून गाडीकडे चालत यायचे. रेषा डोळ्यांनी नाही, तळहाताने कळते, असं त्यांचं मत. आजही ते मागे गेले, डोळे मिटले आणि मोठ्या अभिमानाने चालू लागले. पण आज आनंदाच्या भरात पावलं जरा लांब पडली, आणि हात पोचायच्या आधी गुडघा पोचला.

ठक्क!

"आई गं!"

"साहेब, नाक तुटलं!" उस्ताद ओरडले.

"माझं?"

"गाडीचं! तळहाताएवढा टवका उडाला! आणि तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं राहू द्या हो! टवका चिकटवा!"

ही माती मेणासारखी, तापली की मऊ आणि निवली की दगड. उस्तादांनी भट्टीतून ऊन ऊन मऊ माती आणून थापली. पण धार काही काढेनात.

"ही निवायला संध्याकाळ होईल. आत्ता धार काढली तर साहेबांच्या समोर ओघळेल. गोल ठेवतो."

"गोल? माझ्या नाकावर?"

"मग ओघळू दे?"

"ठेवा गोल! लांबून कुठे दिसतंय!"

एवढ्यात गुडघा टम्म फुगला. नाकवाल्यांना आता एकच भीती. बायकोला कळलं तर? जे नाक उभ्या उभ्या माणसाला जायबंदी करतं, ते पळताना काय करेल, असा एक प्रश्न तिने साहेबांपुढे टाकला की अकरा वर्षांनी मिळालेला चेहरा गेला! पुन्हा आहेतच दारांच्या मुठी. ते चोरपावलांनी लंगडत प्रथमोपचाराच्या खोलीत गेले.

"सिस्टर, जरा बर्फ द्या. जिन्यात घसरलो."

सिस्टरने पँटकडे बघितलं. "जिन्याला माती कधीपासून लावायला लागले? आणि फॉर्म भरल्याशिवाय बर्फ मिळत नाही. कशाने लागलं?"

"...गाडीने."

"गाडीचा वेग?"

"शून्य."

सिस्टरने चष्मा खाली घेतला. "गाडी उभी होती?"

"हो."

"चालक कोण होता?"

"चालक नव्हता. इंजिनही नव्हतं."

"आणि तुम्ही कुठे बघत होतात?"

"डोळे मिटले होते."

"सकाळी सकाळी घेऊन आलात का?"

"छे हो! रेषा अनुभवत होतो!"

"पादचारी रेषा अनुभवत होता," असं पुटपुटत सिस्टरने टाइप केलं, बटण दाबलं आणि बर्फ दिला.

"हा फॉर्म कुठे जातो हो?" नाकवाल्यांनी सहज विचारलं.

"गाडीने माणसाला लागलं की पादचारी सुरक्षा विभागाकडे. डोकेफोड मॅडमकडे. गेलासुद्धा!"

बर्फ गुडघ्यावर होता, पण गारठा डोक्यापर्यंत पोचला.

तीनच्या ठोक्याला मोठे साहेब आले. बायको आली. तिच्या काखेत फाइल. नाकवाल्यांनी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघितलं. काहीच दिसेना, आणि लग्नाच्या सात वर्षांत याच्याइतकं भीतिदायक त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

"सांगा, नाकवाले," साहेब म्हणाले.

नाकवाले बोलायला लागले. वारा, वेग, उतार! जीभ सुसाट सुटली होती, फक्त पाय ऐकत नव्हते. मांजराच्या बाजूला ते बॉनेटला खेटून, हात टेकून उभे राहत. ससाण्याच्या बाजूला जायचं म्हटलं की दोन हातांवरून वळसा!

"एवढ्या लांबून का जाताय?"

"संपूर्ण रूप डोळ्यांत मावावं म्हणून, साहेब."

"या बरं परत."

परत वळसा.

"अहो, तुमचंच नाक ना ते? मग त्याला घाबरताय कशाला?" असं म्हणत साहेबांनी स्वतःच पुढे होऊन धारेवरून बोट फिरवलं. बोट पचकन आत गेलं. "हे काय? सगळीकडे धार आणि इथेच गोल?"

उस्ताद छताकडे बघू लागले. नाकवाल्यांनी डोळे मिटले आणि बायको फाइल उघडण्याची वाट बघू लागले.

"साहेब, तेवढाच भाग बरोबर आहे," बायकोचा आवाज आला. "गाडीवर वारा सोडून बघतात त्या बोगद्यातल्या मंडळींना दुपारी विचारून आले. गोल कडेवरून वारा चिकटून सरकतो, तीक्ष्ण धारेवर तो सुटतो आणि भोवरे होतात. पुढची कड सगळी अशी गोल करा. पण वरचा उतार यांचाच ठेवा, तो माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि बॉनेटखालची लोखंडी पेटी मागे सरकवली, तर मला सातऐवजी पाच सेंटिमीटर पुरतील."

पाच! तीन महिन्यांत न सुटलेले दोन सेंटिमीटर! नाकवाल्यांनी डोळे उघडले. एवढी चांगली बायको असताना खोटं बोलायचं तरी कशाला?

"साहेब, या नाकाने सकाळी मला धडक दिली."

"गाडी चालू होती?"

"मातीची आहे, साहेब!"

साहेब हसता हसता खुर्चीत बसले. मग डोळे पुसून त्यांनी दोघांना एकाच कागदावर सही करायला लावली. उतार नवऱ्याचा, गोलाई बायकोची, गाडी मंजूर!

नाकवाले लंगडत, पण अक्षरशः तरंगत बायकोच्या टेबलापाशी गेले. ती अपघाताचा फॉर्म पुरा करत होती. असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, ते लिहायचं राहिलं होतं.

त्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"गाडीचं नाक बदललं आहे. नवरा आहे तोच चालवून घेत आहोत."