अण्णा धुरींचं अर्थिंग

अण्णा धुरी बॅटरी चाखतात. दोन्ही टोकं एकाच बाजूला असलेली चौकोनी बॅटरी मिळते ना, ती ते जिभेला टेकवतात, डोळे मिटतात आणि आमटीत मीठ किती पडलंय ते सांगावं तसं सांगतात, "फिक्की झालीय. घंटी वाजेल, मोटर नाही फिरायची." पुढ्यात मीटर असतो. पण तो ते नंतर लावतात, मीटर बरोबर चालतोय ना हे बघायला.

लालबागच्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच, लग्न केलं नाही. जन्मभर विम्याच्या ऑफिसात कारकुनी केली, पण शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. विजेचं काम कुठे शिकलात असं विचारलं तर म्हणतात, "शॉक खाऊन." आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचा एकच उपाय, "आधी अर्थिंग बघा." फ्रिज थंड करत नाही, अर्थिंग बघा. तळमजल्यावरच्या सासूसुनेचं पटत नाही, तिथेही अर्थिंग बघा. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा म्हणाले, "वहिनी, त्या रबराच्या चपला सोडा. अर्थिंग तुटतं."

खटपट मंडळात मला त्यांनीच ओढलं. परळच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. एक दाताचे डॉक्टर आहेत, एक शिंपी आहेत, बाकी असेच हौशी. प्रत्येकाच्या पिशवीत वायरींचा गुंता आणि खोलीभर सोल्डरिंगचा धूर. कुणी रंग बदलणारा कंदील करतंय, कुणी बाप्पाच्या पायाशी बसून मान डोलावणारा उंदीर. मी गेले होते बिघडलेला मिक्सर घेऊन. तो मिक्सर अजून तिथेच सुटा पडलाय, मी मात्र अडकले. हल्ली आमच्या तुळशीला तहान लागली की कुंडीत लाल दिवा लागतो. घरचे हसतात, पण तुळस टिकली आहे.

अण्णांचं स्वतःचं काम एकच, दिव्यांची जोडी. एक दिवा त्यांच्या घरी राहणार, दुसरा शीवला त्यांच्या ताईकडे. इकडच्याला हात लावला की तिकडचा उजळणार, तिकडच्याला लावला की इकडचा. मधली धावपळ इंटरनेटने करायची. दिवे छान चालायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. आणि पुढच्या रविवारी अण्णा ते पुन्हा खोलून बसलेले असायचे.

"अर्थिंग बरोबर वाटत नाही," म्हणायचे.

"अहो अण्णा, मोबाइलच्या चार्जरवर चालतो हा. पाच व्होल्ट. याला अर्थिंग लागतच नाही," मंडळाचा कारभार बघणारी गौरी सांगायची. ती शिकलेली इंजिनिअर.

"तुला अजून शॉक बसलेला नाही," म्हणून अण्णा पुढचा स्क्रू काढायचे.

शेवटी अण्णा गावी गेले होते तेव्हा आम्ही ठरवलं, यांचं काम आपणच पुरं करायचं. गौरीने सगळे जोड पक्के केले, शिंपीकाकांनी कापडाच्या सुंदर छत्र्या शिवल्या. गौरी शीवचीच, त्यामुळे दुसरा दिवा ताईंच्या घरी तिनेच नेऊन जोडून दिला.

रविवारी अण्णा आले. आम्ही मोठ्या कौतुकाने त्यांचा दिवा टेबलावर जोडून ठेवला होता.

"आणि दुसरा?"

"ताईंकडे. कालच पोचवला," गौरी म्हणाली.

अण्णा खुर्चीवर बसले ते बसलेच. खिशातला टेस्टर चाचपत म्हणाले, "ताई माझ्याशी बोलत नाही गो."

मग कळलं. ताईंच्या मुलीच्या साखरपुड्यात हॉलमधल्या उभ्या पंख्याला अण्णांचा हात लागला आणि झिणझिण्या आल्या. अर्थिंग बघायला म्हणून त्यांनी मेन स्विच पाडला, नेमका मुलगा अंगठी घालत असताना. अंधारात पडलेली अंगठी शेवटी व्याह्यांच्या बुटात सापडली. व्याही रुसले, ताई रडल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी अण्णांशी बोलणं टाकलं.

"अर्थिंग खरंच नव्हतं हां तिथे," अण्णा म्हणाले. एरवी आम्ही हसलो असतो.

"दिवा अर्धवट होता तोवर बरं होतं, वहिनी. लागत नव्हता त्यात ताईचा काही दोष नव्हता. आता नाही लागला, तर काय समजायचं?"

गौरी रडवेली होऊन म्हणाली, "त्यांनी मला चहा दिला, अण्णा. दिवा देव्हाऱ्याशेजारी ठेवून घेतला."

"हात लावला?"

"मी होते तोवर तरी नाही."

सगळे कामात असल्याचं सोंग करत बसलो. अण्णांनी डब्यातली एकेक बॅटरी काढून जिभेला लावली आणि खाली ठेवली. कुठली फिक्की, कुठली चांगली, ते सांगितलं नाही.

निघायची वेळ झाली. गौरी दिव्याची पिन काढायला वाकली आणि दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

अण्णा काही बोलायच्या आत त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर असतो. पलीकडून ताईंचा खणखणीत मालवणी आवाज आला, "अरे, ह्या तुझ्या दिव्याक हात लावलो काय झिणझिण्या येतत. अर्थिंग बघूक कधी येतलस?"

गौरीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"आत्ता येतंय," अण्णा म्हणाले.

"बाजारातसून बांगडे हाडलेत. जेवूनच जा."

अण्णा उठले. खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला, त्याच खिशातून कंगवा काढून केस विंचरले आणि भराभर जिना उतरून गेले. टेस्टर तिथेच राहिला. आम्ही कुणीच त्यांना हाक मारली नाही.