आजोबांची बढती

नोंदणी कार्यालयात चार संगणक होते. चारही बत्तीस बिटांच्या जुन्या प्रणालीवर चालत. चौसष्ट बिटांची नवी प्रणाली मंजूर झाली ती एकालाच. जागा एक, उमेदवार चार म्हटल्यावर साहेबांनी नियमाप्रमाणे सेवाज्येष्ठता यादी काढली. पहिलं नाव लागलं खिडकीजवळच्या 'आजोबां'चं. सेवा एकोणीस वर्षं, वर्तणूक समाधानकारक. चालू होताना कण्हतात खरे, पण त्या वयात कोण कण्हत नाही?

ह्याच संगणकावर आवक-जावकची नोंद ठेवणाऱ्या मावशी मनात हसल्या. ह्यांना चौसष्ट पेलायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण एक तारखेला हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होणार होती आणि माणसांच्या यादीत पहिलं नाव मावशींचं होतं.

दुरुस्तीवाल्याने सीपीयू उघडला आणि लगेच मिटला. "साहेब, ह्याच्या प्रोसेसरला हे झेपायचं नाही. तो कोपऱ्यातला नवा घ्या, अर्ध्या तासात होतंय."

"कोपऱ्यातला? अहो, त्याला अजून वर्षसुद्धा झालं नाही!"

"पण त्याची कुवत आहे ना."

"कुवत बघून बढत्या द्यायच्या तर कार्यालयाला कुलूपच लावायला हवं. काय हो मावशी?"

"मी काय बोलणार साहेब? मान मोठ्याचाच."

प्रणाली चढवली. आजोबांनी पडद्यावर साफ नकार दिला. बढती नाकारणं म्हणजे शिस्तभंग. 'कारणे दाखवा' नोटीस पडद्यावरच डकवण्यात आली. पडदा झाकला गेल्याने काम थांबलं, तेव्हा कामातील दिरंगाई हे दुसरं कलम लागलं. सात दिवसांत आजोबांचा खुलासा आला नाही.

साहेब गंभीर झाले. "ज्येष्ठ असे निघणार असतील, तर सगळ्याच याद्या कुवतीनुसार तपासाव्या लागतील."

सगळ्याच याद्यांत मावशींची यादीही आली. त्या तडक उठल्या, नोटीस काढली, तिच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत '६४' लिहिलं आणि कागद सीपीयूवर चिकटवला. आत बत्तीसच सुखाने कण्हत राहिलं. 'बढती यशस्वी' असा अहवाल वर गेला.

एक तारखेला नव्या खुर्चीत बसलेल्या मावशींना दुरुस्तीवाल्याने हळूच विचारलं, "खरं सांगा, चालतंय का चौसष्ट?"

"पाटी वाचता येते ना तुम्हाला?" मावशी म्हणाल्या.

तुम्ही हसताय, हसा. फक्त यादीत तुमचं नाव कितवं आहे, तेवढं आधी बघून घ्या.