भट्टीबहाद्दरांच्या मस्तकशूळ-मोहिमेची हकीकत

वाचणारांनी सावलीत बसून, जवळ पाण्याचा तांब्या ठेवून वाचणे. कन्यारत्न टाचणीबाई, इयत्ता सहावी, अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, यांची आज्ञा जाहली की, शाळेच्या दौडीत जे घडले ते आजच लिहून ठेवावे, नाहीतर बाबा पुढल्या साली भलतेच सांगतील. आज्ञा शिरसावंद्य मानून, पदरचे काही न घालता, जैसे घडले तैसे लिहितो.

ऐसियास, कोपऱ्यावरील बेकरीचे धनी भट्टीबहाद्दर, वय वर्षे चव्वेचाळीस, देह मैद्याच्या पोत्यासारखा भरदार, भट्टीवर हुकूमत चालविणारे तिसऱ्या पिढीचे. वीस वर्षे धगीपुढे काढिली, म्हणोन सूर्य म्हणजे आपला धाकटा चुलतभाऊ, ऐसा त्यांचा समज. त्यांचे तीर्थरूप कैलासवासी थोरले धनी यांनी दोन दस्तुर घालून दिले. एक, डोईस फडके करकचून आवळल्याखेरीज भट्टीपुढे जाऊ नये, कारण पावात केस निघाला तर घराण्याची अब्रू जाते. दुसरा, माल भट्टीत असेतो पाण्याचा थेंब तोंडास लावू नये, कारण थोरल्या धन्यांनी एकदा तांब्या उचलिला आणि तेवढ्यात साठ पाव कोळसा जाहले. ती शिकस्त घराणे विसरले नाही.

गतसाली शाळेने पालक आणि पाल्य यांची तीन फेऱ्यांची दौड पुकारली. कायदा ऐसा की, दोघांनी मिळून शेवटची रेघ ओलांडावी, एकट्याचे धावणे गणतीत नाही. दोन फेऱ्या सुखरूप पार पडल्या आणि टाचणीबाईंची जोडी सातवी होती, मग पाण्याच्या टाकीच्या वळणावर गनिमाने गाठले. आधी बहाद्दरांच्या दोन्ही गालांवर लाल निशाणे चढली, मग कान पेटले, मग मान, आणि मग मस्तकात ऐसे घण पडू लागले की, स्वारी कट्ट्यावर बसली ती बसलीच. टाचणीबाई शेजारी बसल्या, छातीवरचा नंबराचा कागद काढून बाबांस वारा घालू लागल्या, आणि सारी फौज हसत खिदळत पुढे निघून गेली. घरी येताना त्या रागाचे एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे, ऐसे बहाद्दरांस वर्षभर वाटत राहिले.

म्हणोन यंदा मनसुबा केला की, काही जाहले तरी लेकीसह रेघ ओलांडायची. भट्टीस फुरसत दुपारी बारा ते तीन, सबब भर दुपारी सराव आरंभिला, आणि रोज घर सोडताना मुद्रा मैद्याची असे ती परतताना टोमॅटोची होई, आणि मग डोके धरून पोत्यावर आडवे होणे. पुन्हा दुसरे दिवशी पहिले पाढे पंचावन्न. आठवडाभर हे हात दाखवून अवलक्षण पाहोन गल्ल्यावर बसणाऱ्या त्यांच्या कुटुंबाने, म्हणजे बाईसाहेबांनी, फर्माविले, "अहो, दुपारी शेजारची मांजरं पण बाहेर पडत नाहीत. चला डॉक्टरांकडे."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि हुकूम दिला की, उन्हात पळू नये, पहाटे पळावे. टोपी सैल आणि हलकी घालावी. तोंड तापले की वेग आवरावा, सावलीस चालावे, आणि भोवळ आलीच तर जागीच मोहीम आटोपून इकडे यावे. मग पुसिले, पाणी किती पिता? बहाद्दर उत्तरिले, "पुष्कळ!" ते खोटे नव्हते. धावणे आटोपून घरी आल्यावर ते तीन तांबे रिते करीत. परंतु धावणे पुरे होईतो थेंब घेत नसत, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे ऐसे त्यांस वाटलेच नाही. श्वास घेतो हे कोणी डॉक्टरांस सांगते काय?

आता पहाट म्हणजे पाव भाजण्याची वेळ. भट्टी कोणाचे हवाली करावी, यावर मोठी मसलत जाहली. आपल्यावाचून ती भट्टी तासभरही नांदणार नाही, ऐसे बहाद्दरांचे ठाम मत. बाईसाहेबांनी मसलत ऐकोन घेतली आणि पाव काढण्याची लांब दांड्याची फळी त्यांच्या हातातून काढून घेतली. "पंधरा वर्षं बघतेय. पळा तुम्ही." पहिल्या दिवशीचे पाव उत्तम निघाले, आणि दुसऱ्या दिवशी एक जुने गिऱ्हाईक पुसते जाहले की, हल्ली भट्टीवर नवा कारागीर ठेविला काय? बहाद्दर तेथेच उभे होते. त्यांनी बिस्किटांचे डबे पुसावयास घेतले.

पहाटेच्या गारव्यात गनीम फिरकला नाही, बापलेक महिनाभर जोडीने धावले, आणि दौडीचा दिवस उगवला. वेळ सातची होती. प्रमुख पाहुण्यांची मोटार साडेनऊस आली, मग त्यांनी आरोग्यावर अर्धा तास भाषण केले, आणि दहाचे उन्हात शिटी वाजली. वर घात ऐसा की, युद्धास जाताना वडिलांचा मान म्हणोन बहाद्दरांनी सैल टोपी खुंटीस ठेवून डोईस तेच फडके करकचून आवळले होते.

पहिली फेरी पार पडली, दुसरीही पडली. तिसरीस पाण्याच्या टाकीचे तेच वळण आले, आणि गालांवर तीच निशाणे चढली, मग कान, मग मान, मग कपाळात पहिला घण. शाळेने तेथे टेबल मांडोन पाण्याचे पेले ठेविले होते. टाचणीबाईंनी एक पेला पुढे केला, तो बहाद्दरांनी मान हलविली की, पुरे होईतो नाही.

"का पण?"

"आजोबांचा नियम. माल भट्टीत असताना पाणी नाही."

टाचणीबाईंनी पेला तसाच पुढे धरिला. मग म्हणाल्या, "बाबा, भट्टीत पाव असतात. आपण बाहेर आहोत."

वीस वर्षांत हे कोणी बोलले नव्हते. बहाद्दरांनी पेला घेतला, मग दुसरा, आणि टाचणीबाईंनी टाचा उंचावून फडक्याची गाठ सोडिली, तो कपाळावर तांबडा वळ उमटलेला. ते फडके भिजवून मानेवर ठेविले, आणि दोघे झाडाच्या सावलीने चालत निघाले. शेजारून एक पालक ओरडला, "काय मालक, फिरायला निघालात का?" बहाद्दरांस लाज वाटली, पण पाय आवरिलेच. हळूहळू निशाणे उतरली, घण थांबले, आणि शेवटच्या दोनशे पावलांस बापलेक पुन्हा धावू लागले, आणि दोघांनी मिळून रेघ ओलांडली. त्रेचाळीस जोड्यांत एकेचाळिसावे! टाचणीबाईंनी ऐसी किंकाळी फोडिली की, प्रमुख पाहुणे दचकून उभे राहिले.

बेकरीत परतले तो दुपारच्या विक्रीचा माल भट्टीत होता. बाईसाहेब फळी घेऊन उभ्या, डोईस फडके आवळलेले, आणि तोंड लालबुंद. महिनाभर रोज त्या ऐशाच उभ्या राहात असतील, हे बहाद्दरांचे ध्यानी आताच आले. त्यांनी तांब्या भरिला, आणि माल भट्टीत असताना, थोरल्या धन्यांच्या त्या शिकस्तीनंतर प्रथमच, भट्टीपुढे नेऊन धरिला.

बाईसाहेबांनी एकदा तांब्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. "कितवे आलात?"

"एकेचाळिसावे."

"बरं. फळी धरा जरा." आणि उभ्या उभ्या सारा तांब्या रिता केला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. साठांपैकी एकही पाव करपला नाही. तांब्याची जागा भट्टीशेजारच्या कोनाड्यात कायम केली असे. बयान टाचणीबाईंनी वाचून पाहिले, आणि एकेचाळीस हा आकडा खोडून चाळीस करण्याचा बाबांचा अर्ज नामंजूर केला.