सहा बाफले आणि फुकट रविवार

"आजचा खर्च शून्य!" आरशासमोर भांग पाडता पाडता सुगतने जाहीर केलं. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत ही घोषणा ऐकू न येणं कोणालाच शक्य नव्हतं.

"मागच्या रविवारी पण शून्यच म्हणाले होते तुम्ही," नंदिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग मानसीच्या कुल्फीचे तीस रुपये कोणी दिले?"

"शंभराच्या आत बसलं ना? शर्त शंभराची आहे. सात रविवार झाले, हा आठवा. आज निभावलं की मी जिंकलो, बात खतम!"

शर्तीची हकीगत अशी. दिवाळीत चौघांनी केरळला जायचं ठरलं होतं. तिकिटं काढायच्या दिवशीच सुगतने एका ब्लॉगवर वाचलं, की सहलीचे पैसे वीस वर्षं गुंतवून ठेवले तर त्यांचे किती होतात. त्याने तिकिटं काढली नाहीत. "बीस साल बाद मी काय गुडघ्याला पट्टा बांधून हाउसबोटीत चढू?" असं नंदिनीने विचारलं आणि मग जे वाजलं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. शेवटी तह झाला. सुगतने आठ रविवार, दर रविवारी शंभर रुपयांच्या आत, घरातल्या सगळ्यांची करमणूक करून दाखवायची. जमलं तर नंदिनी पुन्हा केरळचं नाव काढणार नाही. एक रुपयाही वर गेला, तर चेकबुक, कार्ड आणि मोबाइलवरून पैसे देण्याचा पिन, सगळं नंदिनीच्या ताब्यात. बारा वर्षांच्या संसारात पिन ही एकच गोष्ट सुगतने कोणाला सांगितली नव्हती, म्हणून ही शर्त त्याला जिवापेक्षा मोठी वाटत होती.

सुगत पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा. दिवसभर नटबोल्ट मोजायचा आणि संध्याकाळी पैशांवरचे ब्लॉग वाचायचा. चांगला ब्लॉग कसा ओळखावा, याच्या कसोट्या त्याने एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. लेखक काही विकत नसावा, ही पहिली. ज्याच्या पानावर कोर्सची जाहिरात दिसली तो बाद. ज्याने परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावर स्वतःचा फोटो काढून लावला, तोही बाद. असे एकवीस ब्लॉग बाद केल्यावर त्याला बाविसावा सापडला, 'घरचा गल्ला'. मराठीत, आणि तोही खास इंदूरकरांसाठी! जाहिरात नाही, फोटो नाही, लेखकाचं नावसुद्धा नाही. आजच्या काळात एवढा निःस्वार्थी माणूस आपल्याच गावात राहतो, या विचाराने सुगतला कधीकधी भरून यायचं.

त्या ब्लॉगवर 'फुकट रविवार' नावाची मालिका चालू होती. तिच्या आधारावर सुगतने कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे जुन्या राजांच्या समाध्यांपाशी, बसून घरचे पोहे खाऊ घातले. लालबागेत झाडं ओळखायची स्पर्धा ठेवली. तिथे नऊ वर्षांच्या मानसीने अकरा झाडं ओळखली आणि त्यांतल्या दहांना कडुनिंब म्हटलं. पाचव्या रविवारी मात्र तिने विचारलं, "पापा, आज मी घरीच बोर झाले तर चालेल का?"

शर्त हातची जाणार असं वाटत असतानाच 'घरचा गल्ला'ने तो लेख टाकला. शहराबाहेर नव्या इमारतींचे नमुना फ्लॅट दाखवतात. न्यायला-आणायला एसी गाडी येते, मुलांना फुगे मिळतात, मोठ्यांना जेवण मिळतं. खर्च काहीच नाही. फक्त 'बघून सांगतो' एवढे दोन शब्द पाठ पाहिजेत. खाली तीन साइट क्रमाने दिल्या होत्या. त्याच क्रमाने जा, अशी सूचनाही होती. पहिल्या साइटवरच्या बाल्कनीत एका वेळी एकच पाय मावत होता. दुसऱ्या साइटवर स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर लिफ्ट दिसायची. पण जेवण दोन्हीकडे चोख होतं, त्यामुळे सुगतची काही तक्रार नव्हती. आज तिसरी साइट होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'इथे दाल-बाफले असतात.'

अडचण होती ती एकाच माणसाची. सुगतचे वडील आनंदराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्य महूच्या क्वार्टरात गेलं होतं. ते स्वतः खोटं बोलत नसत आणि दुसऱ्याने बोललेलं त्यांना खपत नसे. म्हणून सुगतने त्यांना फुकट जेवणाचं काही सांगितलंच नव्हतं. "बाबा, घर बघायला जाऊ," एवढंच तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आनंदराव दर वेळी कोट घालून, खिशात डायरी आणि मोजायची टेप घेऊन तयार असत. म्हाताऱ्याचाही टाइमपास होतोय, असं समजून सुगत खूश होता.

दहा वाजता दाराशी गाडी आली. राऊच्या रस्त्याला, बायपासच्या पलीकडे साइट होती. दारात ऋजुता नावाची एक हसतमुख मुलगी उभी होती. नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला येऊन तिला दोन वर्षं झाली होती. मराठी कुटुंब पाहून तिला फारच आनंद झाला.

"या, या! सर, बजेट साधारण किती धरलंय?"

"बघून सांगतो," सुगत म्हणाला.

"दोन बेडरूम हवेत की तीन?"

"बघून सांगतो."

"आणि आपलं नाव?"

"बघून... सुगत. सुगत नाव आहे माझं."

नमुना फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर आनंदरावांनी टेप काढली. भिंतीवर टिचकी मारली, बाथरूमचे सगळे नळ सोडले आणि घड्याळ लावून बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. "लिफ्ट बंद पडली तर? जनरेटर आहे? गर्मीत पाणी टँकरचं की बोअरिंगचं?" ऋजुता एकेक उत्तर देत होती आणि ते डायरीत लिहून घेत होते. नंदिनीही त्यांच्या मागे मागे फिरत होती.

"बाबा फालतूच खोलात जाऊन राहिलेत," सुगत तिच्या कानाशी कुजबुजला. "तिकडे पंगत बसली असेल."

"तुम्ही व्हा पुढे," नंदिनी म्हणाली. "आम्ही येतोच."

आता बाफल्याविषयी थोडं सांगायला हवं. बाफला म्हणजे कणकेचा गोळा. आधी तो उकडतात, मग भाजतात आणि शेवटी तुपात असा बुडवतात की वर येताना त्याचं वजन दुप्पट झालेलं असतं. माळव्यात बाफल्यांचं जेवण घालणारा माणूस पाहुण्यांसाठी गाद्याही घालून ठेवतो, कारण बाफले खाऊन कोणी घरी जात नाही, आहे तिथेच आडवा होतो. शहाणा माणूस दोनवर थांबतो. सुगतही घरी दोनच खायचा. पण दोन खायला इतक्या लांब कशाला यायचं, असा हिशेब करून त्याने सहा खाल्ले. वरून लाडूही खाल्ला.

हात धुवून तो नमुना फ्लॅटमध्ये परत आला तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. मोठ्या बेडरूममध्ये एसी चालू होता. पलंगावर नवी कोरी चादर होती. फक्त पाच मिनिटं पाठ टेकू, असं म्हणून सुगत आडवा झाला.

"ये भिया भी फ्लैट के साथ मिलेंगे क्या?"

सुगतने डोळे उघडले. पलंगाच्या पायथ्याशी पाच माणसांचं एक कुटुंब उभं राहून त्याच्याकडे बघत होतं.

"अरे नहीं," त्यांतल्या बाई म्हणाल्या, "आदमी सुला के दिखाते हैं, ताकि पलंग की साइज समझ में आए."

सुगत ताडकन उठला. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते, पण ते घड्याळही नमुन्याचंच होतं. मोबाइलमध्ये साडेचार होते! तेवढ्यात बाहेरून टाळ्यांचा आवाज आला. तो एका पायात बूट घालून तसाच बाहेर धावला.

मांडवात आनंदराव खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. मानसी हातात पेढ्यांचा डबा घेऊन टेबलाटेबलांवर वाटत सुटली होती. शेजारच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आनंदराव परिवाराचे हार्दिक अभिनंदन! फ्लॅट नंबर ३०४.'

"हे काय आहे?" सुगतने पाटीकडे बोट दाखवलं.

"टोकन दिलं," आनंदराव शांतपणे म्हणाले. "इक्यावन्न हजार. माझ्या चेकने."

रविवार, आठवा, खर्च इक्यावन्न हजार! सुगतला आधी पिन आठवला आणि मग बाप आठवला. त्याने ऋजुताला बाजूला घेतलं. लाज गिळून बोलणं भागच होतं.

"मॅडम, गलती झाली. तो चेक परत द्या. आम्ही घर घ्यायला नाही आलो. मतलब... आम्ही जेवायला आलो होतो. एका ब्लॉगवर वाचलं होतं, की..."

"घरचा गल्ला?" ऋजुताने विचारलं.

"तुम्ही पण वाचता?"

"मी लिहिते, सर."

सुगतने आधार म्हणून मांडवाचा खांब धरला. "पण त्याच्यावर तर एक पण जाहिरात नाही! तुम्ही काही विकतच नाही!"

"जाहिरात असती तर तुम्ही वाचला असतात का?"

"आणि त्या पहिल्या दोन साइट? त्या तर दुसऱ्यांच्या आहेत!"

"त्या मुद्दामच दिल्यात. ते फ्लॅट बघून आलं की आमचा राजवाडा वाटतो." हे तिने इतक्या निरागसपणे सांगितलं की सुगतला धड रागावताही येईना. "आज अकरा कुटुंबं आलीत, सर. त्यातली नऊ 'घरचा गल्ला' वाचून."

सुगतने मांडवावर नजर फिरवली. प्रत्येक टेबलाशी कोणीतरी तुपाने माखलेला हात हवेत हलवत "बघून सांगतो" म्हणत होतं. तो तरातरा वडिलांकडे गेला.

"बाबा, उठा! हा सगळा धोका आहे. मी तुम्हाला खरं नाही सांगितलं. आपण इथे फक्त फुकट जेवायला..."

"माहीत आहे मला," आनंदराव म्हणाले. "पहिल्या साइटवरच समजलं. तू एक पण खोली नीट नाही बघितली. श्रीखंडाकडे मात्र तीनदा जाऊन आला."

"मग तुम्ही कशाला येत होते?"

"तू बोलला ना, घर बघायला जाऊ. मी घर बघत होतो." त्यांनी डायरी मिटून कोटाच्या खिशात ठेवली. "सगळी उमर सरकारच्या क्वार्टरात काढली, आता भाड्याच्या घरात काढतोय. घर बघायला निघालो तर एकाने तरी घर बघायला पाहिजे ना, बेटा?"

सुगतला फार वाईट वाटलं. तीन रविवार हा माणूस टेप घेऊन खरंखुरं घर मोजत होता आणि आपण वाट्या मोजत होतो, हे त्याला आत कुठेतरी लागलं. पण नटबोल्ट मोजणारा मेंदू गप्प बसेना.

"पण बाबा, टोकन ठीक आहे. पुढचे पैसे कुठून आणायचे?"

"माझ्या पगाराचं काय होतं, तुम्ही कधी विचारलं?" नंदिनी म्हणाली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची.

"मला वाटलं... खर्च होतो."

"अकरा साल पोस्टात आरडी भरून राहिले मी. थोडे बाबांचे, थोडे माझे, बाकी लोन. भाड्याचे बारा हजार तर आज पण जातातच. आणि तुम्ही आत घोरत होते, तेव्हा मी मॅडमकडून दीड लाख कमी करवले आणि पार्किंग फुकट घेतली."

"फार कठीण आहेत मॅडम," ऋजुताने कौतुकाने मान हलवली.

"मला कधी बोलली का नाही?" सुगतचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुम्ही बाईस ब्लॉग वाचत होते. माझा नंबर तेईसावा. कधी येणार होता?"

तेवढ्यात पेढ्यांचा रिकामा डबा घेऊन मानसी आली. शर्तीची पंच तीच होती. "पापा, आजचा संडे सबसे बेस्ट! पण शंभर वजा केले तरी पन्नास हजार नऊशे ज्यादा झाले." सुगतने मुकाट्याने खिशातून कार्ड काढून नंदिनीच्या हातावर ठेवलं आणि तिच्या कानात पिन सांगितला. ते आपल्या लग्नाच्या तारखेचे चार आकडे आहेत हे कळल्यावर ती जरा लाजली. पण कार्ड काही तिने परत केलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सुगतने सवयीने मोबाइल उघडला. 'घरचा गल्ला'वर नवा लेख आला होता, 'एका वाचकाचा अनुभव'. सोबत नमुना फ्लॅटच्या बेडरूमचा फोटो होता. कोऱ्या चादरीवर एक माणूस पोटावर हात ठेवून गाढ झोपला होता. नशिबाने चेहरा उशीत होता. फोटोखाली लिहिलं होतं, 'या घरात शांत झोप लागते.' सुगतने वही काढली आणि पहिल्या कसोटीवर काट मारली.

बाहेर आनंदराव आणि मानसी जमिनीवर नकाशा पसरून कोणाचा पलंग कुठे ठेवायचा यावर भांडत होते. खालच्या ठेल्यावरून पोह्यांचा वास येत होता. सुगत उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नंदिनी, जरा दोनशे रुपये दे ना. सगळ्यांसाठी पोहे-जिलेबी आणतो."

नंदिनीने समोरच्या कागदावरून मानही वर केली नाही.

"बघून सांगते," ती म्हणाली.